छाटून घडविलेली फटफटी

कोल्हापुरास फटफटी नवी नाहीं. दुधाच्या किटल्या लादून पहांटे शहरांत शिरणारी फटफटी, तालमीपुढें उभी असलेली बुलेट, ऊंसाच्या फडाकडे निघालेल्या शेतकऱ्याची राजदूत, हीं दृश्यें येथील माणसानें वर्षानुवर्षें पाहिलीं आहेत. तथापि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास पुण्याकडून गोव्यास जाणाऱ्या फटफटीस्वारांचे जथे शहरावरून जाऊं लागले म्हणजे हाच माणूस हातांतला चहाचा पेला घेऊन रस्त्याच्या कडेस येतो. गाड्यांमागून गाड्या जातात आणि त्या बहुतेक सारख्याच असतात. मग एखादीच अशी येते कीं, तिचें पुढचें चाक स्वाराच्या कितीतरी पुढें धांवत असतें, हँडल खांद्यापर्यंत चढलेलें असतें, पेट्रोलची टांकी एवढीशी असते, मागच्या चाकावर मडगार्ड असून नसल्यासारखें असतें, आणि स्वार आरामखुर्चींत रेलावें तसा मागें रेललेला असतो. पाहणारांपैकीं कोणी हंसतो, कोणी "ही वळते तरी कशी?" असा व्यवहारी प्रश्न विचारतो, आणि एखादा तरुण मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत कांहींच बोलत नाहीं. या गाडीस चॉपर म्हणतात. व्यवहारी माणसाच्या प्रश्नाचें उत्तर देतां येण्याजोगें आहे. त्या तरुणाच्या मौनाचा उलगडा करणें अधिक कठीण आहे, आणि त्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

चॉपर म्हणजे छाटलेली गाडी. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें आणि लाखों अमेरिकन सैनिक घरीं परतले. युरोपांत त्यांच्या दृष्टीस हलक्या, चपळ इंग्रजी गाड्या पडल्या होत्या. घरच्या हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या गाड्या त्यांपुढें अवजड वाटूं लागल्या. नवी गाडी विकत घेण्यास पैसा नव्हता, पण सैन्यांत यंत्रें उघडण्याची आणि जोडण्याची विद्या पुष्कळांस मिळाली होती. त्यांनीं करवत हातांत घेतली. पुढचें मडगार्ड काढून टाकलें, मागचें अर्ध्यावर कापलें, जीं जीं भूषणें गाडी चालण्यास लागत नाहींत तीं तीं उतरविलीं. अशी कापाकापी युद्धापूर्वींहि थोडीफार चालत असे. युद्धानंतर तिचा प्रसार झाला. घोड्याची शेपटी आंखूड कापण्यास इंग्रजींत जो शब्द आहे, त्यावरून या गाडीस प्रथम बॉबर हें नांव पडलें. मूळ हेतु शोभेचा नव्हता. वजन कमी करावें आणि वेग वाढवावा, एवढाच होता.

याच काळांत या स्वारांची अपकीर्तिहि झाली. १९४७ सालच्या जुलैंत कॅलिफोर्नियांतील हॉलिस्टर या लहानशा गांवीं शर्यतींच्या निमित्तानें हजारों स्वार जमले, त्यांतील कांहींनीं दारू पिऊन धिंगाणा घातला, आणि 'लाइफ' साप्ताहिकानें बाटल्यांच्या पसाऱ्यांत गाडीवर बसलेल्या एका झिंगलेल्या माणसाचें छायाचित्र छापलें. तें छायाचित्र मुद्दाम जुळवून घेतलें होतें असें पुष्कळांचें म्हणणें आहे. तें कसेंहि असो. फटफटीस्वारांचा मेळावा म्हणजे गुंडांचा मेळावा, ही समजूत तेव्हांपासून रूढ झाली, आणि १९५३ सालीं मार्लन ब्रँडोच्या 'द वाइल्ड वन' या चित्रपटानें ती पक्की केली. वस्तुतः दक्षिण डकोटा संस्थानांतील स्टर्जिस या गांवीं १९३८ पासून असाच एक मेळावा भरत आला आहे. आरंभीं तो थोड्याशा शर्यतवाल्यांचा होता. आतां प्रत्येक ऑगस्टांत तेथें लाखों माणसें जमतात, आणि गांवच्या दुकानदारांचें वर्षाचें गणित त्यावर अवलंबून असतें.

पुढें साठीच्या दशकांत छाटण्याच्या कलेस ताणण्याची जोड मिळाली. पुढच्या चाकास धरणारा फोर्क लांब करावयाचा, हँडल उंच करावयाचें, मागच्या बाजूस स्प्रिंग मुळींच ठेवावयाची नाहीं, टांकी शेंगदाण्याच्या आकाराची बसवावयाची, असें तिचें रूप ठरत गेलें. १९६९ सालच्या 'ईझी रायडर' या चित्रपटानें तें जगभर पोंचविलें. पीटर फोंडाच्या टांकीवर रंगविलेला अमेरिकेचा ध्वज ज्यांनीं पाहिला, त्यांतील फारच थोड्यांस ती गाडी घडविणारांचीं नांवें ठाऊक होतीं. पोलिसांनीं लिलावांत काढलेल्या जुन्या हार्ले गाड्या घेऊन बेन हार्डी आणि क्लिफ व्हॉज या दोघां कृष्णवर्णीयांच्या हातून ती घडली. चित्रपटाच्या नामावळींत मात्र त्यांस स्थान मिळालें नाहीं, आणि पुढें कित्येक दशकें त्यांचा उल्लेखहि झाला नाहीं. गाडी मिरविणाऱ्याचें नांव होतें आणि घडविणाऱ्याचें राहून जातें, हा प्रकार आपल्याकडील कारागिरांसहि अपरिचित नाहीं.

आतां त्या व्यवहारी प्रश्नाकडे वळूं. सायकलीच्या हँडलाचा दांडा ज्या नळींतून जातो, त्या नळीच्या रोखानें एक सरळ रेषा जमिनीपर्यंत ओढली अशी कल्पना करावी. ती रेषा जमिनीस जेथें मिळते तो बिंदु, चाक जमिनीस टेकतें त्या बिंदूच्या किंचित् पुढें पडतो. म्हणजे चाक आपल्या कण्याच्या मागें मागें ओढलें जात असतें. दवाखान्यांतील ढकलगाडीचीं लहान चाकें पाहिलीं म्हणजे हें चटकन् ध्यानांत येतें. गाडी ढकलली कीं तीं आपोआप फिरून मागच्या बाजूस जातात आणि सरळ धांवूं लागतात. सायकलीचें आणि फटफटीचें पुढचें चाकहि याच न्यायानें सरळ राहूं पाहतें. साध्या फटफटींत ही नळी उभ्या रेषेपासून २५ ते ३० अंश मागें कललेली असते, आणि वरील दोन बिंदूंमधील अंतर सुमारें नऊ-दहा सेंटिमीटर भरतें. चॉपरमध्यें कल ३५ पासून ४५ अंशांपर्यंत नेतात. त्याबरोबर हें अंतरहि वाढतें.

याचा परिणाम दुहेरी होतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेगांत चॉपर रेषा ओढल्यासारखी जाते. हँडल नुसतें धरून ठेवलें तरी पुरे. उलट गर्दींत, हळूं चालतांना तीच गाडी जड होते, आणि हँडल थोडें वळविलें कीं चाक एकदम त्या बाजूस पडूं पाहतें. तेव्हां ती वळते, पण सावकाश, आणि रस्ता तिला रुंद लागतो. महाद्वारावरील गर्दींतून चॉपर नेणाऱ्याचे दंड तालमींत गेल्याशिवायच भरतील. मागें स्प्रिंग नसल्यामुळें प्रत्येक खड्ड्याचा हिशेब थेट स्वाराच्या पाठीस द्यावा लागतो. टांकींत आठेक लिटर पेट्रोल मावतें, म्हणून पंप दिसला कीं थांबावें लागतें. 'ईझी रायडर'मधील त्या ध्वजाच्या गाडीस तर पुढचा ब्रेकच नव्हता! सोयीच्या तराजूंत घालून पाहिलें तर चॉपरइतकी गैरसोयीची गाडी शोधून सांपडावयाची नाहीं.

मग तिचा मोह कां पडतो? कापशी चप्पल करून घेणाऱ्यास हा प्रश्न विचारावा. दुकानांत तयार वहाणांच्या जोड्या टांगलेल्या असतात; त्या हलक्या असतात, स्वस्त असतात, पहिल्या दिवशीं पाय चावीत नाहींत. तरी कोल्हापुरांत पायाचें माप देऊन, कातडें निवडून, वेणी कशी हवी तें सांगून, चालतांना करकर वाजणारी चप्पल करून घेणारा माणूस अजून आहे. तेल पाजून, कांहीं दिवस पाय सोलून घेऊन ती त्याला आपलीशी करावी लागते. मग ती दुसऱ्या कोणाच्या पायास बसत नाहीं, आणि नेमकें हेंच त्याला हवें असतें. कारखान्यांतून निघालेली गाडी हजारों अज्ञात माणसांच्या सरासरीसाठीं काढलेली असते. चॉपर एका माणसाच्या हातापायांच्या मापाची असते, आणि तिच्यांतील कोणता भाग कां ठेवला व कोणता कां काढला, याचें उत्तर तो माणूस देऊं शकतो. या उत्तरांतच तिचें सारें आकर्षण सांठविलेलें आहे. कांहीं काढून टाकावयाचें तर तें कशासाठीं होतें हें आधीं कळावें लागतें.

असें ज्ञान मिळविण्यास आपल्याकडे दोन जुन्या गाड्या विशेष अनुकूल ठरल्या. पहिली बुलेट. मूळची ती इंग्लंडांतील रेडिच गांवची. मद्रासेस १९५५ सालीं एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट येथें तयार होऊं लागली. पुढें १९६७ सालीं रेडिचचा कारखाना बंद पडला; जन्मभूमींत संपलेला वंश दत्तक घरीं वाढला. ३५० या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या यंत्राच्या सिलिंडराचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ९० मिलिमीटर. गुणाकार केला म्हणजे घनफळ ३४६ घनसेंटिमीटर येतें. व्यासाहून धांव लांब असल्यामुळें आणि आंतील चाक जड असल्यामुळें यंत्र संथपणें, एकेक ठोका मोजून द्यावा तसें चालतें. ज्या आवाजासाठीं बुलेटवाले वेडे होतात, तो हाच. दुसरी गाडी जावा, म्हणजेच पुढची येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांत १९६१ पासून १९९६ पर्यंत ती तयार होत असे. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि एकच दांडी किक म्हणूनहि वापरावयाची आणि गिअर म्हणूनहि, हा तिचा चमत्कार पाहून आजहि मुलांस आश्चर्य वाटतें.

जुनी बुलेट चालू करणें हा तर एक विधिच होता. गिअर उजव्या पायाशीं, ब्रेक डाव्या पायाशीं. चावी फिरवून किक हलकेच दाबावयाची. ॲमीटरचा कांटा मध्यावर आला म्हणजे पिस्टन माथ्याशीं पोंचला असें समजावयाचें. मग लहानशी कळ ओढून आंतील दाब सोडावयाचा, पिस्टन तिळभर पुढें सरकवावयाचा, आणि नंतरच सबंध पायानें किक मारावयाची. घाई करणाऱ्याच्या घोट्यास किक उलट बसे, आणि तो धडा पुनः सांगावा लागत नसे. ज्याला हें जमलें त्याला यंत्राच्या पोटांत कोणत्या क्षणीं काय चाललें आहे, तें पुस्तक न उघडतां कळलें.

या गाड्यांचें इंजिन जुन्या काळीं बिडाचें असे, आणि बीड म्हटलें कीं कोल्हापूर आलेंच. शिवाजी उद्यमनगरांत ओतशाळा आणि लेथ यांचा संसार पिढ्यान् पिढ्या शेजारीं शेजारीं चालत आला आहे. शेतकऱ्याचें ऑइल इंजिन दुरुस्त करतां करतां येथील मिस्त्र्यांच्या हातांत जी विद्या आली, ती फटफटीसहि लागूं पडली. सिलिंडर झिजला तर तो लेथवर मोठा करून अंमळ मोठा पिस्टन बसवावयाचा. एखादा भाग बाजारांत मिळेनासा झाला तर जुन्यावरून नवा घडवावयाचा. यांपैकीं अनेकांनीं यंत्रशास्त्राचें पुस्तक पाहिलेलें नाहीं. पण कान लावून दोष सांगणारे वैद्य ते आहेत. मोटारवाल्या घरांतील सुशिक्षित तरुण आणि असा मिस्त्री एकाच फळकुटावर बसून तासन् तास बोलतांना दिसले, तर त्यांच्यामध्यें बहुधा एखादें उघडलेलें जुनें इंजिन असतें.

महाराष्ट्रांत चॉपर घडविण्यास धंद्याचें रूप देणारा तरुण मुंबईंत निघाला. विमानांत प्रवाशांच्या सेवेची नोकरी करणाऱ्या अक्षय वर्दे यांनीं या शतकाच्या पहिल्या दशकांत बुलेटच्या इंजिनाभोंवतीं नवी, लांबलचक गाडी रचण्याचा उद्योग आरंभिला. त्यांच्या संस्थेचें 'वर्देंची' हें नांव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलें पाहून तें इटलींतील असावें असें परप्रांतीयांस वाटतें. मराठी माणसास मात्र त्यांतील षष्ठी विभक्ति लगेच ओळखूं येते. गाडी कोणाची? वर्देंची! याच दशकांत, २००५ सालीं, पुण्याच्या बजाज कंपनीनें ॲव्हेंजर ही मागें रेलून बसावयाची गाडी बाजारांत आणली आणि चॉपरच्या बैठकीचें सुख सामान्य पगारदाराच्याहि आवांक्यांत आणलें. त्यांत फरक एवढाच कीं, ॲव्हेंजर विकत घेतां येते. ती घडवावी लागत नाहीं.

येथपर्यंत सारें गोड आहे. परंतु या छंदाच्या वाटेंत एक धोंड आहे, आणि ती बाजूस सारून बोलणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा बदल करण्यास बंदी आहे. केरळांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत हें अधिक स्पष्ट केलें. निर्मात्यानें दिलेला आणि नोंदणींत उतरलेला मूळ तपशील बदलेल अशी फेरफार मालकास करतां येत नाहीं. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें प्रत्येक बदलामागें पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. नुसता रंग बदलला तरी नोंदणीपुस्तकांत तो नोंदवून घ्यावा लागतो. म्हणजे चौकट कापून, नळीचा कल वाढवून घडविलेली चॉपर रस्त्यावर आणणें हें कायद्याच्या दृष्टीनें अपराधांत जमा आहे.

हौशी मंडळी या कायद्यावर रागावतात. त्यांचा राग समजण्यासारखा असला तरी सर्वस्वी रास्त नाहीं. ब्रेक दाबला म्हणजे गाडीचा आणि स्वाराचा सारा भार पुढें येऊन त्याच नळीच्या सांध्यावर पडतो. तेथील वेल्डिंग कच्चें राहिलें तर तें वरून दिसत नाहीं. रंगाखालीं झांकलें जातें, आणि उतारावर तुटतें. तुटल्यावर अपघात एकट्या स्वाराचा होत नाहीं. उलटपक्षीं, कारागिरीची परीक्षा घेऊन चांगल्या कामास परवाना देण्याची सोपी व्यवस्था असती, तर उद्यमनगरासारख्या ठिकाणच्या कसबी हातांस केवढें क्षेत्र मिळालें असतें, हाहि विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. कायदा कच्चा हात आणि पक्का हात यांत भेद करीत नाहीं. त्यानें दोन्ही बांधले आहेत.

सायलेन्सराची गोष्ट निराळी. तेथें हौशीची बाजू घेण्यास जागाच नाहीं. १७५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या फटफटीचा आवाज ८० डेसिबलांच्या आंत असावा, असा कारखानदारांस नियम आहे. सायलेन्सराचें पोट रिकामें करून मध्यरात्रीं गल्लींतून फटाके फोडीत जाणारा तरुण कांहींहि घडवीत नाहीं; तो फक्त आजारी माणसाची झोंप मोडतो. महाराष्ट्रांतील अनेक शहरांत पोलिसांनीं असले सायलेन्सर काढून घेऊन रस्त्यावर मांडले आणि त्यांवरून रोडरोलर फिरविला. त्याबद्दल खऱ्या बुलेटवाल्यांनीं हळहळ केल्याचें दिसत नाहीं. करकरणाऱ्या चपलेचा आवाज चालणाऱ्याची ओळख देतो, पण तो शेजारच्या घरांत शिरत नाहीं.

या सर्व गोष्टींची चर्चा जेथें मोकळेपणीं होते, ती जागा म्हणजे मेळावा. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं जावा-येझदीचा दिवस पाळतात, आणि त्या दिवशीं अनेक शहरांत घराघरांतून झांकून ठेवलेल्या गाड्या बाहेर निघतात. बुलेटवाल्यांचा मोठा मेळावा गोव्यास भरतो. निरनिराळ्या गांवच्या मंडळांनीं आपापसांत चालविलेला 'रायडर मेनिया' पुढें कंपनीनें आपल्या हातीं घेतला. २०२३ पासून तो 'मोटोव्हर्स' या नांवानें वागातोर येथें भरूं लागला. कंपनीच्या हातीं गेल्यानें सोयी वाढल्या, गाणें-बजावणें वाढलें, गर्दी वाढली. घरगुतीपणा थोडा उणावला, अशी जुन्या मंडळींची कुरकुर असते, आणि ती अगदींच निराधार म्हणवत नाहीं.

या मेळाव्यांतील दोन चढाओढी पाहण्यासारख्या असतात. एकींत सर्वांत शेवटीं पोंचणारा जिंकतो, मात्र पाय जमिनीस लागतां कामा नये. वेगाचे म्हणून ज्यांस दूषण दिलें जातें, त्यांच्या कौशल्याची कसोटी संथपणावर लागावी, ही मौज आहे. दुसरींत गाडीचे भाग सुटे करून घड्याळ लावून पुनः जोडावयाचे असतात. तेथें मोठ्या पगाराचा अधिकारी चुकीचा पाना उचलतो आणि शेजारीं उभा असलेला गॅरेजवाला पोरगा जिभेनें 'च्च' करतो, तेव्हां दोघांपैकीं वडील कोण, हें वयावरून ठरत नाहीं.

बेंदराला सजलेल्या बैलांच्या ओळींतून फिरणारा शेतकरी दुसऱ्याच्या बैलाच्या शिंगांवरून, वशिंडावरून हात फिरवून प्रथम गुण सांगतो, मग हळूच दोष सुचवितो. मेळाव्यांतहि तीच रीत दिसते. तेथें दोन पंथ समोरासमोर येतात. एका पंथाला कारखान्यांतून निघाली तशी, मूळच्या स्क्रूसकट राखलेली गाडी प्रिय. दुसऱ्याला आपल्या हातानें बदललेली. पहिला म्हणतो, "तुम्हीं चांगली गाडी कापून तिचा वंश बुडविला." दुसरा म्हणतो, "तुम्हीं तिला देव्हाऱ्यांत बसविली. ती चालते कोठें?" पहिल्याच्या म्हणण्यांत दिवसेंदिवस अधिक तथ्य येत आहे. बिडाच्या इंजिनाची बुलेट आतां तयार होत नाहीं, म्हैसूरचा कारखाना मिटला आहे; जी गाडी आज कापली ती उद्यां परत मिळावयाची नाहीं. म्हणून समंजस हौशी माणसें अलीकडे मधला मार्ग धरतात. जें स्क्रूनें निघतें आणि स्क्रूनें पुनः बसतें तेवढेंच हलवावयाचें, करवत मात्र लावावयाची नाहीं, आणि काढलेला प्रत्येक भाग तेल लावून कापडांत बांधून माळ्यावर ठेवावयाचा.

गाड्या राहतील, त्यांचे जाणते राहतील कीं नाहीं, ही खरी काळजी आहे. नव्या फटफटींत पेट्रोलचें माप संगणक ठरवितो. ती अधिक स्वच्छ आहे, अधिक भरंवशाची आहे, सकाळीं बोट लावलें कीं चालू होते. पण तिच्या कानाशीं लागून कांहीं ऐकूं येत नाहीं. दोष शोधावयाचा तर दुसरें यंत्र जोडावें लागतें. उद्यमनगरांतील ज्या मिस्त्र्याच्या मुलानें नोकरी पत्करली, त्याच्याबरोबर कानांतली विद्या त्या घरांतून गेली. ती उचलणारीं माणसें आज मुख्यतः या हौशी मेळाव्यांतच सांपडतात, ही गोष्ट त्यांच्या रूपाला आणि केसांना नाकें मुरडणारांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

गोव्याकडे जाणारा जथा कोल्हापूर सोडून आजऱ्यावरून आंबोलीकडे वळला म्हणजे सरळ रस्ता संपतो आणि चॉपरवाल्याचे हाल सुरू होतात. घाटाच्या वळणावर तिला सारा रस्ता हवा असतो, म्हणून तो समोरच्या गाड्या जाऊं देतो आणि मागें पडतो. जथ्याचा एक जुना नियम आहे. सर्वांपुढें वाट माहीत असलेला स्वार असावा, आणि सर्वांमागें ज्याला दुरुस्ती येते तो. त्यानें कोणासहि ओलांडून पुढें जाऊं नये. तेव्हां लांब फोर्काची ती गाडी वळण घेईपर्यंत हा शेवटला स्वार धुक्यांत थांबून राहतो. त्याच्या पिशवींत दोन पाने, एक स्पार्क प्लग, चाकाची एक ट्यूब आणि क्लचची एक जादा तार असते.